डिस्टिलबर्ट : तीन वर्षं रोज वापरल्यानंतर

आमच्या हेल्पलाइनवर श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे लेखी संदेश येतात. ऐकायला त्रास असतो, म्हणून फोनवर बोलण्यापेक्षा लिहिणं त्यांना सोपं जातं. ‘शिट्टी वाजते’, ‘सेल दोन दिवसांत संपतो’, ‘मोल्ड (यंत्राचा कानात बसणारा साचा) टोचतो’, ‘घोळक्यात काही कळत नाही’ अशा तक्रारी असतात. संदेश आला की तो आमच्या नऊ प्रकारांपैकी कशात बसतो हे एक छोटा प्रोग्रॅम ठरवतो आणि त्या विषयाच्या स्वयंसेवकाकडे पाठवतो. हेल्पलाइनच्या खोलीतल्या एका जुन्या, जीपीयू (मॉडेलची गणितं वेगाने करणारी चिप) नसलेल्या कॉम्प्युटरवर तीन वर्षं हे काम डिस्टिलबर्ट नावाचं भाषेचं छोटं मॉडेल करतंय. ते मीच बसवलं आणि मीच सांभाळते. अलीकडे दोन ओळखीच्या टीमनी विचारलं, ‘अजून तेच वापरतेस? आम्ही घ्यावं का?’ माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती अट त्या प्रसिद्ध ९७ टक्क्यांच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्ट हे गूगलच्या संशोधकांचं २०१८ मधलं मॉडेल. त्याच्या ‘बेस’ आवृत्तीत ट्रान्सफॉर्मर या रचनेचे १२ थर आणि सुमारे ११ कोटी पॅरामीटर (शिकताना ठरणारे आकडे) आहेत. २०१९ मध्ये हगिंग फेस कंपनीच्या व्हिक्टर सान आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्यावरून डिस्टिलबर्ट तयार केलं. त्यात थर ६ आणि पॅरामीटर ६.६ कोटी. बर्टच्या दर दोन थरांतला एक उचलून त्यांनी छोट्या मॉडेलची सुरुवात केली, आणि मग मोठ्या बर्टला टीचर म्हणून समोर ठेवून छोट्याला, म्हणजे स्टुडंटला, शिकवलं. यालाच डिस्टिलेशन म्हणतात. हे शिक्षण १६ जीबीच्या ८ व्ही-१०० जीपीयूंवर सुमारे ९० तास चाललं. शिकवताना तीन गोष्टी एकत्र मोजल्या: झाकलेला शब्द ओळखता येतो का, त्या शब्दासाठी टीचरने दिलेल्या संभाव्यतांशी स्टुडंटच्या संभाव्यता जुळतात का, आणि आतल्या व्हेक्टरांची (प्रत्येक शब्दासाठीच्या आकड्यांच्या यादीची) दिशा टीचरसारखी राहते का. लायसन्स अपाचे २.०, त्यामुळे वापरायला आडकाठी नाही. पेपरमधला दावा या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे: ४० टक्के लहान, ६० टक्के वेगवान, आणि भाषा समजण्याची ९७ टक्के क्षमता शाबूत.

वेगाबद्दल मला काहीच तक्रार नाही. पेपरमध्ये एकाच सीपीयूवर दोघांना वाक्यांच्या जोड्यांची एक चाचणी पूर्ण सोडवायला दिली आहे. बर्टला ६६८ सेकंद लागले, डिस्टिलबर्टला ४१०. आमच्याकडे हा फरक वेगळ्या रूपात जाणवला. बर्ट चालू असताना स्वयंसेवकाने दुसरी फाइल उघडली की कॉम्प्युटर अडकायचा, आणि लोक प्रोग्रॅम बंद करून संदेश हाताने वाटायला लागायचे. डिस्टिलबर्ट बसवल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी काहीच बोललं नाही. खोलीत बसून काम करणाऱ्या माणसांच्या मध्ये न येणं हा माझ्या लेखी फार मोठा गुण आहे.

बसवणंही सोपं. बर्टसाठी लिहिलेला कोड जवळजवळ तसाच चालतो. एक गोष्ट तेवढी बदलावी लागते: यात पहिलं वाक्य कोणतं आणि दुसरं कोणतं हे सांगणारं एम्बेडिंग (आकड्यांचं कोष्टक) काढून टाकलेलं आहे. म्हणून बर्टच्या टोकनायझरने (मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, करणाऱ्या भागाने) दिलेले ते आकडे आत ढकलले तर मॉडेल ते घेत नाही. दहा मिनिटांचं काम.

आता त्या ९७ टक्क्यांकडे येते, कारण सगळं तिथेच आहे. ग्लू नावाच्या चाचणी-संचात बर्टची सरासरी ७९.५ आली आणि डिस्टिलबर्टची ७७.०. भागाकार केला की ९७ टक्के येतात. सरासरी म्हणून आकडा अगदी बरोबर आहे. पण ती सरासरी ज्या ओळींवरून काढली आहे ती प्रत्येक ओळ वाचा. वाक्याचा सूर चांगला की वाईट हे ओळखण्याच्या चाचणीत बर्ट ९२.७ आणि डिस्टिलबर्ट ९१.३, म्हणजे फरक नगण्य. ग्लूबाहेरच्या, चित्रपटांवरच्या प्रेक्षकांच्या अभिप्रायांच्या चाचणीत तर ९३.४६ आणि ९२.८२. वाक्य व्याकरणात बसतं का, या चाचणीत मात्र ५६.३ वरून ५१.३. आणि एका वाक्यावरून दुसरं वाक्य निघतं का, म्हणजे आरटीई नावाच्या चाचणीत, ६९.३ वरून थेट ५९.९.

या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. आरटीईमध्ये उत्तरं दोनच, ‘निघतं’ किंवा ‘निघत नाही’. डोळे मिटून सांगितलं तरी निम्मी बरोबर येतात. म्हणजे बर्टने नुसत्या अंदाजावर जी १९ गुणांची आघाडी मिळवली होती, तिच्यातली जवळजवळ अर्धी डिस्टिलबर्टमध्ये गेली. हा तपासणी-संच लहान आहे, २७७ जोड्यांचा, त्यामुळे एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर त्याला मी महत्त्व दिलं नसतं. पण नऊ गुण हे बरेच आहेत. शब्द पाहून विषय ओळखायचा असेल तर सहा थर पुरतात. दोन विधानं शेजारी ठेवून तिसरं काढायचं असेल तर जे थर काढून टाकले त्यांची उणीव भासते. असा माझा अर्थ, आणि पुढे जे झालं त्यावरून तो मला पटला.

आमच्या नऊ प्रकारांपैकी एक प्रकार ‘तातडी’ असा आहे. संदेश तसे थोडेच असतात. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे अचानक ऐकू येणं बंद झालेली माणसं. ही वैद्यकीय आणीबाणी असते. नसेच्या पातळीवरचा दोष असेल तर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात, दोन आठवडे उलटले की उपयोगाची शक्यता घटत जाते. आणि गंमत नव्हे, खरी अडचण अशी की श्रवणयंत्र वापरणारा माणूस सुरुवातीला हे यंत्राचं दुखणं समजतो. तो लिहितो, ‘मशीन नवीन आहे, सेल कालच घातला, तरी परवापासून डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानाला लावलं तर चालतं.’ मशीन, सेल, चालणं हे सगळे शब्द ‘मशीन बंद’ या प्रकाराचे. पण नीट वाचणाऱ्या माणसाला कळतं की मशीन ठीक आहे आणि कानाला काहीतरी झालंय. शेवटच्या वाक्यात उत्तर आहे, आणि ते थेट लिहिलेलं नाही, आधीच्या वाक्यांवरून काढावं लागतं.

पहिल्या वर्षी असा एक संदेश दुरुस्तीच्या यादीत जाऊन पडला. दुरुस्तीचं पाहणारी आमची स्वयंसेविका प्रत्येक संदेश शेवटपर्यंत वाचते, म्हणून त्याच दिवशी त्या माणसाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवता आलं. चूक माझ्या तयारीतली होती. मी मॉडेल नुसत्या पक्क्या लेबलांवर (माणसाने ठरवलेल्या एकेका प्रकारावर) फाइन-ट्यून केलं होतं, म्हणजे आमच्या कामासाठी पुढे शिकवलं होतं, ‘तातडी’ची उदाहरणं मूठभर होती, आणि तपासताना मी एकूण अचूकतेचा एकच आकडा पाहून खूश झाले होते. थोड्या संख्येचा प्रकार पूर्ण हुकला तरी एकूण आकड्याला धक्का लागत नाही. त्या दिवसापासून मी एकूण आकडा पाहणं सोडलं. आता प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा काढते आणि ‘तातडी’चे हुकलेले संदेश एक-एक करून वाचते.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं: स्वतःच्या कामासाठी पुन्हा एकदा डिस्टिलेशन. डिस्टिलबर्टच्या पेपरमध्येच याची खूण आहे. प्रश्नोत्तरांच्या स्क्वॉड चाचणीत नुसतं फाइन-ट्यून केल्यावर त्याला ८५.८ गुण मिळाले, आणि त्याच कामात तयार झालेल्या बर्टला टीचर करून दुसऱ्यांदा शिकवल्यावर ८६.९. बर्टचे ८८.५ होते. म्हणजे तुटीतला सुमारे ४० टक्के वाटा भरून निघतो, आणि त्यासाठी नवीन लेबलं लावायला माणसं लागत नाहीत.

आमच्याकडे लेबल नसलेले जुने संदेश ढिगाने होते. नावं आणि नंबर काढून मी ते जीपीयू असलेल्या एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर नेले. टीचर म्हणून एक्सएलएम-रॉबर्टा या बहुभाषिक मॉडेलची मोठी आवृत्ती घेतली, २४ थरांची, सुमारे ५५ कोटी पॅरामीटरची. ती आमच्या लेबल लावलेल्या संदेशांवर फाइन-ट्यून केली आणि मग तिच्याकडून सगळे जुने संदेश वाचून घेतले. टीचर आणि स्टुडंटचे टोकनायझर वेगळे असले तरी इथे बिघडत नाही, कारण तुलना शेवटच्या नऊ संभाव्यतांची असते. प्रत्येक संदेशामागे नऊ आकडे फाइलमध्ये साठवले आणि मोठ्या मॉडेलचं काम तिथे संपलं. ते पुन्हा उघडावंही लागलं नाही.

या नऊ आकड्यांत काय असतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘चावताना शिट्टी वाजते’ असा संदेश घ्या. पक्कं लेबल म्हणतं ‘शिट्टी’, बाकी आठ प्रकार शून्य. टीचर म्हणतो: शिट्टी ०.९७, मोल्ड ०.०२, सेल ०.००४, आणि उरलेले सहा मिळून ०.००६. तो ०.०२ फार मोलाचा आहे. चावताना जबडा हलतो, मोल्ड सैल पडतो, आवाज बाहेर निसटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टीचं आणि मोल्डचं नातं आहे, शिट्टीचं आणि सेलचं त्या मानाने नाही. एवढं ज्ञान त्या एका आकड्यात आहे, आणि ते कोणी हाताने लिहून दिलेलं नाही. संशोधक जेफ्री हिंटन यांनी याला डार्क नॉलेज म्हटलं.

पण ०.९७ च्या शेजारी ०.०२ ची कुजबुज शिकताना ऐकूच जात नाही. म्हणून टेंपरेचर. मॉडेलचे कच्चे गुण (लॉजिट) सॉफ्टमॅक्सने संभाव्यतांत बदलण्याआधी एका संख्येने, म्हणजे टेंपरेचरने, भागायचे. २ ने भागलं की वरचे आकडे ०.७१, ०.१० आणि ०.०५ होतात. क्रम तोच, पण कुजबुज ऐकू येण्याइतकी मोठी होते. स्टुडंटलाही त्याच टेंपरेचरवर शिकवायचं आणि वापरताना परत १ वर आणायचं. छोट्या मॉडेलने मोठ्याची नक्कल शिकावी ही कल्पना त्याही आधीची, २००६ मध्ये बुचिला, कारुआना आणि निकुलेस्कू-मिझिल यांनी मांडलेली. टेंपरेचरसह आजचं रूप आलं ते हिंटन, विन्याल्स आणि डीन यांच्या २०१५ च्या पेपरमधून.

इथे मी तीन आठवडे गमावले, तर तुमचे वाचावेत म्हणून लिहिते. मी टेंपरेचर ४ ठेवलं होतं. टेंपरेचर वाढवलं की टीचरच्या संभाव्यतांकडून (मऊ लेबलांकडून) येणारे ग्रेडियंट, म्हणजे शिकताना मिळणारे दुरुस्तीचे इशारे, ढोबळमानाने त्याच्या वर्गाने लहान होतात, म्हणून लॉसच्या (चूक मोजणाऱ्या आकड्याच्या) त्या भागाला टेंपरेचरच्या वर्गाने गुणायचं असतं. हिंटन यांच्या पेपरमध्ये ते स्पष्ट लिहिलंय. मी विसरले. म्हणजे तो भाग १६ पट दुबळा झाला. शिवाय पायटॉर्च या लायब्ररीत टीचर आणि स्टुडंटच्या संभाव्यतांतला फरक मोजणाऱ्या केएल डायव्हर्जन्सच्या फंक्शनला सरासरी कशी काढायची ते सांगितलं नाही तर ते बॅचमधल्या (एका वेळी दिलेल्या गटातल्या) संदेशांच्या संख्येबरोबरच प्रकारांच्या संख्येनेही भागतं. दस्तऐवजात तशी सूचना आहे, ‘बॅचमीन’ वापरा म्हणून. मी ती वाचली नव्हती. प्रकार नऊ, म्हणजे आणखी ९ पट. १६ गुणिले ९, १४४. टीचरचं म्हणणं १४४ पट बारीक आवाजात स्टुडंटपर्यंत पोचत होतं आणि प्रोग्रॅम कुठेही अडत नव्हता, लॉस छान खाली येत होता. शेवटी लॉसचे दोन भाग वेगवेगळे छापून पाहिले तेव्हा कळलं. तुम्ही हे पहिल्या दिवशीच छापा.

दुरुस्ती केल्यावर स्टुडंट सुधारला. मोल्ड आणि शिट्टी, सेल आणि मशीन बंद असे जवळचे प्रकार तो आता नीट वेगळे करतो. जिथे तो गोंधळतो तिथे बहुतेकदा टीचरही गोंधळलेला असतो, आणि खरं सांगायचं तर तिथे आम्हालाही दोन स्वयंसेवकांचं एकमत होत नाही. ‘तातडी’तही फरक पडला. पण पुरेसा नाही.

आणि इथे त्या २०१५ च्या पेपरमधला एक प्रयोग माझ्या थेट कामाला आला. हाताने लिहिलेले अंक ओळखायचे आहेत, चाचणीत १०,००० अंक. मोठं नेटवर्क ६७ चुका करतं. लहान नेटवर्क स्वतःहून शिकलं तर १४६. तेच लहान नेटवर्क मोठ्याकडून २० टेंपरेचरवर शिकलं तर ७४. इतकं आश्चर्य पुरेसं होतं, पण त्यांनी पुढे जाऊन स्टुडंटच्या शिकण्याच्या संचातून ३ हा अंकच काढून टाकला. स्टुडंटने आयुष्यात ३ पाहिलेला नाही. तरी एकूण चुका २०६, आणि त्यातल्या १३३ चाचणीतल्या १,०१० तीनांवरच्या. या चुका होण्याचं मोठं कारण असं निघालं की ३ च्या प्रकाराचा बायस (त्या प्रकाराच्या गुणांत नेहमी मिळवला जाणारा आकडा) फार खाली बसला होता. तो एकच आकडा ३.५ ने वर उचलला, तर एकूण चुका १०९ वर आल्या आणि तीनांवर फक्त १४ उरल्या. म्हणजे ३ कसा दिसतो हे स्टुडंट ८ आणि ५ आणि २ कडे पाहताना टीचरच्या कुजबुजीतून शिकला होता. त्याला ते माहीत होतं, म्हणायचं धाडस तेवढं नव्हतं.

माझा ‘तातडी’ म्हणजे तो ३. संदेश थोडे, म्हणून बायस खाली. हुकलेले संदेश पुन्हा काढून पाहिले तर बहुतेकांत ‘तातडी’ दुसऱ्या क्रमांकावर होती. मी बाजूला ठेवलेल्या संदेशांवर तो बायस थोडा थोडा वर नेत गेले, आणि हुकलेल्यांपैकी बहुतेक जिथे आत आले तिथे थांबले. किंमत अशी की आता तातडीच्या यादीत काही साधे संदेशही येतात. त्यातला एखादा निघतो मोल्ड टोचल्याचा. स्वयंसेवकांना मी समोर बसवून समजावलं, त्यांनी ते मान्य केलं. एक अनावश्यक संदेश वाचायला अर्धा मिनिट जातो. हुकलेल्या संदेशाची किंमत मी मिनिटांत मोजू शकत नाही.

आता मॉडेलच्या ज्या मर्यादा मला रोज दिसतात त्या. आमच्याकडे संदेश एकाहून जास्त भाषांत येतात, म्हणून मी बहुभाषिक आवृत्ती वापरते. ती घेताना ‘४० टक्के लहान’ हे डोक्यातून काढा. बहुभाषिक बर्टमध्ये १७.७ कोटी पॅरामीटर आहेत आणि बहुभाषिक डिस्टिलबर्टमध्ये १३.४ कोटी, म्हणजे घट जेमतेम चौथाई. कारण साधं आहे. १०४ भाषांचा शब्दकोश म्हणजे सुमारे १,१९,५०० तुकडे, प्रत्येकाला ७६८ आकड्यांचा व्हेक्टर. गुणाकार केला की ९.२ कोटी होतात. डिस्टिलेशनने थर कमी केले, या कोष्टकाला हात लावला नाही. मॉडेलचा दोन तृतीयांश भाग नुसतं कोष्टक आहे आणि त्यातले बहुतेक तुकडे आमच्या संदेशांत कधीच येत नाहीत. वेगावर याचा परिणाम होत नाही, कोष्टकातून ओळ उचलायला वेळ लागत नाही. मेमरीवर होतो. मी क्वांटायझेशन (आकडे कमी बिटांत साठवणं) करून पाहिलं तेव्हा फाइल अपेक्षेइतकी लहान झाली नाही, कारण त्या पद्धतीत थरांमधले आकडेच ८ बिटांवर येतात आणि कोष्टक ३२ बिटांवरच राहतं. शेवटी आमच्या संदेशांत दिसणारे तुकडे ठेवून बाकी कोष्टक छाटलं. त्याने जो फरक पडला तो क्वांटायझेशनपेक्षा जास्त होता. ज्यांना कमी मेमरीत बसवायचंय त्यांनी हे आधी करावं.

बहुभाषिक डिस्टिलबर्ट केस्ड आहे, म्हणजे अक्षरं जशीच्या तशी ठेवतं, हे मात्र देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या पथ्यावर पडतं. बर्टच्या अनकेस्ड टोकनायझरमध्ये ॲक्सेंटची चिन्हं पुसली जातात आणि त्या झाडूखाली आपला अनुस्वार, हलन्त, उकार आणि एक मात्राही जाते. ‘सेल’चं ‘सल’ होतं. मॉडेल कितीही चांगलं असलं तरी अशा मजकुरावर ते काय करणार.

लांबीची मर्यादा ५१२ टोकन, बर्टकडून आलेली. आमचे संदेश छोटे असतात, मला अडत नाही. लांब पत्रं किंवा अहवाल वाचायचे असतील तर अडेल.

मधल्या काळात इतरही गोष्टी वापरून पाहिल्या. एका क्लाउड सेवेत ‘एका क्लिकमध्ये डिस्टिलेशन’ होतं. टीचरची उत्तरं चढवायची, छोटं मॉडेल तयार मिळतं. तिथे टीचरचं उत्तर म्हणून फक्त प्रकाराचं नाव देता येत होतं, संभाव्यता नाहीत. म्हणजे ०.०२ ची ती कुजबुज दारातच अडवलेली. अहवालात एकूण अचूकतेचा एकच आकडा, प्रकारवार काही नाही, आणि बायसला हात लावायची सोय नाही. तयार मॉडेल उतरवूनही घेता येत नव्हतं. ज्या माणसांचे संदेश आम्ही वाचतो त्यांच्यासाठी मला प्रत्येक प्रकाराचा आकडा दिसायलाच हवा. आठवड्याभरात ते सोडलं.

टायनीबर्ट या आणखी छोट्या मॉडेलबद्दल मला आदर आहे. ४ थर, १.४५ कोटी पॅरामीटर, बर्टपेक्षा ९.४ पट वेगवान आणि त्यांच्या मोजणीत ९६.८ टक्के क्षमता. त्यात प्रत्येक थराचं अटेन्शनही (कोणता शब्द कोणत्या शब्दाकडे किती लक्ष देतो ते) टीचरशी जुळवतात, शिवाय कामाच्या टप्प्यावर मजकूर वाढवून पुन्हा डिस्टिलेशन करतात. फोनवर बसवायचं असेल तर मी तिकडे वळेन. मायक्रोसॉफ्टचं मिनीएलएमही चांगलं, ते टीचरच्या फक्त शेवटच्या थराचं सेल्फ-अटेन्शन शिकतं, त्यामुळे थर जुळवत बसावं लागत नाही. मला एका जुन्या कॉम्प्युटरवर विश्वासाने चालणारं आणि आतून समजलेलं मॉडेल हवं होतं, म्हणून मी इथेच राहिले.

एक सावधगिरी नावाबद्दल. ‘डिस्टिल’ हा शब्द आता बऱ्याच मॉडेलांवर असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ एकच नसतो. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक कंपनीने आपल्या आर-१ या मॉडेलसोबत दीड अब्जापासून ७० अब्ज पॅरामीटरपर्यंतची डिस्टिल मॉडेलं दिली. तिथे मोठ्या मॉडेलने लिहिलेली सुमारे ८ लाख उत्तरं घेऊन क्वेन आणि लामा ही मॉडेलं त्यावर फाइन-ट्यून केली आहेत. स्टुडंट टीचरचा लिहिलेला मजकूर शिकतो, त्याच्या संभाव्यता पाहत नाही. ही पद्धतही खरी आणि उपयोगाची आहे, भाषांतराच्या मॉडेलांत किम आणि रश यांनी २०१६ मध्येच टीचरच्या पूर्ण वाक्यांवर शिकवून दाखवलं होतं. पण तुमच्या कामाला नेमकी ती कुजबुज हवी असेल, तर कोणतं डिस्टिलेशन आहे ते आधी वाचा. आणि टीचर दुसऱ्याच्या सेवेतला असेल तर त्याच्या उत्तरांवर मॉडेल शिकवायची परवानगी आहे का तेही पाहा, काही सेवांच्या अटींत ती नसते.

तर कोणी घ्यावं? संदेश, अभिप्राय, तक्रारी विषयवार लावायच्या असतील, कॉम्प्युटर साधा असेल, मजकूर बाहेर पाठवायचा नसेल, तर निश्चिंत घ्या. नुसतं फाइन-ट्यून करून थांबू नका, स्वतःच्या टीचरकडून पुन्हा शिकवा, जीपीयू दोन-तीन संध्याकाळी मिळाला तरी पुरतो. वाक्यांवरून निष्कर्ष काढणं हेच तुमचं मुख्य काम असेल, तर मोठं मॉडेल ठेवा. पाचपैकी मी चार तारे देते. पाचवा तारा आरटीईच्या त्या ओळीसाठी राखून ठेवलाय.

मी ‘तातडी’चे अवघड संदेश एका वेगळ्या फाइलमध्ये जमवते. मॉडेलमध्ये काहीही बदललं की पहिल्यांदा ती फाइल चालवते. तिच्यातला पहिला संदेश दोन छोट्या वाक्यांचा आहे: ‘मशीन चांगलं आहे. मलाच ऐकू येत नाहीये.’ टीचरने तो पहिल्या वाचनातच ओळखला होता. स्टुडंट अजून त्याला ‘मशीनबद्दल समाधानी’ म्हणण्याकडे झुकतो. बायस उचललेला असल्यामुळे संदेश तातडीच्या यादीत येतो, पण शेवटून दुसरा. म्हणून ती यादी आम्ही रोज खालून वर वाचतो.